‘टेक केअर’नं केला घोटाळा

पत्र

बाई, नमस्कार.

मी 26 वर्षांचा, मूळचा निफाड तालुक्यातला. शाळा मराठी माध्यमाची, नंतर डिप्लोमा. सध्या सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. आठ महिन्यांपूर्वी कोचीहून एक मुलगी आमच्या डिपार्टमेंटला बदलून आली. तिला मराठी येत नाही, हिंदी माझ्यापेक्षा कच्चं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. कामाचं इंग्रजी मला जमतं. घोडं अडतं ते बिनकामाच्या इंग्रजीत.

एकदा कॅन्टीनमध्ये तिनं विचारलं, ‘आर यू सीइंग एनीवन?’ मी म्हटलं, ‘येस, मॅनेजर, ॲट थ्री.’ ती हसतच सुटली. पुढे एकदा म्हणाली, ‘यू आर हार्ड टू रीड.’ मला वाटलं, इन्स्पेक्शन रिपोर्टमधल्या माझ्या अक्षराबद्दल बोलतेय. तेव्हापासून मी सुवाच्य लिहितो. गेल्या गुरुवारी रात्री मेसेज आला, ‘आय थिंक आय ॲम फॉलिंग फॉर यू.’ रूममेट म्हणाला, पडतेय म्हणजे चक्कर वगैरे येत असेल. मी ‘टेक केअर’ पाठवलं. बऱ्याच वेळानं तिचं उत्तर आलं, ‘नेव्हर माइंड.’ तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते.

नंतर मोबाइलवर शोधलं तेव्हा अर्थ कळला आणि झोप उडाली. आता उत्तर लिहून ठेवलंय, पण पाठवायचा धीर होत नाही: ‘आय ॲम ऑल्सो लव्हिंग यू. आय हॅव सॉफ्ट कॉर्नर फॉर यू फ्रॉम मेनी डेज. यू आर ॲपल ऑफ माय आय. आय ॲम हेड ओव्हर हील्स. आय वाँट टू प्रपोज यू.’ व्याकरण तपासून द्याल का? आणि ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ असताना त्या वाक्याचा अर्थ असा कसा होतो, तेही समजावून सांगा.

– पेचात पडलेला, सातपूर

उत्तर

अरे पेचात पडलेल्या,

तुझं पत्र सोमवारी आलं आणि हे सदर रविवारचं. एखाद्या मुलीला सहा दिवस ‘नेव्हर माइंड’वर ताटकळत ठेवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून पाठवायचा मजकूर तुला त्याच संध्याकाळी मेल केला. तो खाली येईलच. बाकीचा हा सगळा पसारा तुझ्या ‘फॉर’साठी. पंचवटीतल्या मराठी शाळेत 31 वर्षं इंग्रजी शिकवलं, पण ‘फॉर’बद्दल इतक्या कळकळीनं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ हे तुला आमच्यासारख्यांनीच शिकवलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. इंग्रजीतली ही चिमुकली अव्ययं ज्या क्रियापदाच्या शेजारी बसतात, त्याच्या संगतीनं अर्थ बदलतात. ‘लुक ॲट’ म्हणजे कडे बघणं, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं. तू कंपनीत रोज ‘आय ॲम लुकिंग फॉर द रिपोर्ट’ म्हणत असशील. तेव्हा ‘मी रिपोर्टसाठी बघतोय’ असं कधी मनात आलं का? नाही ना. कारण ती जोडी तू अख्खी गिळलीस. ‘फॉल फॉर’ ही जोडीसुद्धा तशीच अख्खी घ्यायची.

तिला आपल्याकडे शब्दही तयार आहे: भुलणं. आणि गंमत बघ, ‘फॉल फॉर’चे जे दोन अर्थ आहेत, तेच दोन्ही ‘भुलणं’मध्येही आहेत. ‘ही फेल फॉर हर’ म्हणजे तो तिच्यावर भुलला. ‘ही फेल फॉर द ट्रिक’ म्हणजे तो त्या थापेला भुलला. आपण ‘वर’ आणि ‘ला’ असा फरक करतो, इंग्रजीत दोन्हीकडे ‘फॉर’च, बाकीचं संदर्भावरून कळतं. प्रेमाला आणि फसगतीला एकच क्रियापद लावायचं दोन्ही भाषांना सुचलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आता ‘फॉल’. तुझा रूममेट अगदीच चुकला असं नाही. इंग्रजीत ‘फॉल इल’ म्हणजे आजारी पडणं, ‘फॉल अस्लीप’ म्हणजे झोप लागणं, ‘फॉल सायलेंट’ म्हणजे गप्प होणं. ‘फॉल इन लव्ह’ याच गोतावळ्यातलं. माणूस ठरवून करत नाही, आपोआप एका अवस्थेतून दुसरीत जातो, तिथं हे क्रियापद येतं. आपलं ‘पडणं’ही हेच काम करतं. तू स्वतः ‘पेचात पडलेला’ अशी सही केलीस. सातपूरला पेचाचा खड्डा नेमका कुठल्या चौकात आहे, असं मी विचारलं का?

त्या वाक्यात खरी नजाकत आहे ती ‘-इंग’मध्ये आणि ‘आय थिंक’मध्ये. ‘आय हॅव फॉलन फॉर यू’ असं ती म्हणाली असती, तर तो पूर्ण वर्तमानकाळ झाला असता: भुलले, झालं, विषय संपला. ती म्हणाली ‘फॉलिंग’. म्हणजे क्रिया सुरू आहे, अजून पुरी झालेली नाही. त्यावर पुन्हा ‘आय थिंक’चं पांघरूण. ‘मला तू आवडायला लागला आहेस, बहुतेक’ असं ते वाक्य आहे. आपलं ‘आवडायला लागणं’ आणि तिचं ‘-इंग’ यांत फारसं अंतर नाही, आणि ‘बहुतेक’ हा शब्द माणूस कधी घालतो हे तुला सांगायला नको. समोरच्यानं हात पुढे केला नाही, तर आपला हात केसांतून फिरवायला मोकळा ठेवायचा असतो तेव्हा. तू ‘टेक केअर’ म्हटलंस, तिनं हात मागे घेतला.

मग आलं ‘नेव्हर माइंड’. यात ‘माइंड’ म्हणजे मन नव्हे. ते क्रियापद आहे: मनावर घेणं. ‘डू यू माइंड?’मध्ये असतं तेच. ‘नेव्हर माइंड’ म्हणजे ‘जाऊ दे, मनावर घेऊ नकोस’. यात राग असेलच असं नाही. आपल्याकडे तरी ‘जाऊ दे’ कुठे नेहमी रागानं म्हणतात? ओशाळून म्हणतात, हसून म्हणतात, डोळ्यांत पाणी असतानाही म्हणतात. त्यामुळे त्या दोन शब्दांवर तू चार रात्री जागून जे काही इमले बांधलेस, ते पाडून टाक.

मागचे दोन प्रसंगही एकदा निकालात काढू. ‘सी’ म्हणजे दिसणं. या अर्थानं ते सहसा चालू काळात जात नाही. ‘आय ॲम सीइंग अ बर्ड’ असं इंग्रज म्हणत नाही. ‘-इंग’ लागलं की अर्थ सरकतो: भेटणं. डॉक्टरला तीन वाजता भेटायचं असेल तर ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट थ्री’. म्हणजे तुझं मॅनेजरचं उत्तर व्याकरणात नीट बसतं, शंभरपैकी शंभर. पण वेळकाळ काही न सांगता, नुसतं ‘सीइंग एनीवन’ असं विचारलं, तर त्याचा अर्थ ‘तुझं कुणाशी जमलंय का?’ असा होतो. त्या मुलीनं तुझ्यासमोर पहिला पत्ता कधी टाकला होता, ते बघ. आठ महिन्यांत तीन पत्ते टाकले बिचारीनं!

‘यू आर हार्ड टू रीड’वर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण वर्गात हे शिकवताना माझी नेहमी दमछाक व्हायची. वाक्यात ‘यू’ कर्त्याच्या खुर्चीत बसलाय, पण वाचायचं काम तो करत नाहीये. वाचणारा कुणी दुसराच, आणि ‘यू’ खरं तर ‘रीड’चं कर्म. ‘धिस बॉक्स इज हार्ड टू लिफ्ट’मध्ये खोका काही उचलत नाही, त्याला उचलतात, तसंच. आणि ‘रीड’ इथं अक्षराशी संबंधित नाही, चेहऱ्याशी आहे. मराठीत सांगायचं तर ‘तुझा काही ठाव लागत नाही’. यात तक्रार थोडी, कुतूहल जास्त. त्या वाक्यापायी तुझं अक्षर सुधारलं, हा कंपनीचा फायदा.

आता तुझा मसुदा. शाळेत असताना मुलांच्या दप्तरांत सापडलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या. ‘विल यू मेक फ्रेंडशिप विथ मी?’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. मी ते लाल पेनानं ‘विल यू बी फ्रेंड्स विथ मी?’ असं दुरुस्त करून ज्याचं त्याला परत द्यायची. वर एक अर्धा मार्क कापायची. मुख्याध्यापकांना हा प्रकार कळल्यावर मला बोलणी बसली होती. तेव्हा तुझ्या मसुद्यावरही लाल पेन चालवते, राग मानू नकोस.

‘आय ॲम ऑल्सो लव्हिंग यू.’ आपण ‘प्रेम करतोय’ म्हणतो म्हणून हात ‘लव्हिंग’कडे जातो. पण लव्ह, नो, बिलीव्ह ही क्रियापदं अवस्था सांगतात; ती घडी घातल्यासारखी एका जागी असतात, चालू काळात धावत नाहीत. म्हणून ‘आय लव्ह यू’. हल्ली ‘आय ॲम लव्हिंग धिस रेन’ असं ऐकू येतं, ते आत्तापुरत्या मजेसाठी. पावसाला ते चालतं. माणसाला म्हटलं की ‘सध्या या आठवड्यात प्रेम चालू आहे’ अशी छटा येते. आणि तू एकदम ‘लव्ह’वर जाऊच नकोस. ती ‘फॉलिंग’पर्यंत आलीय, तीही ‘आय थिंक’ धरून. तू तिच्या एक पायरी पुढे उभा राहिलास तर ती दचकेल. ‘आय लाइक यू टू’ पुरे.

‘सॉफ्ट कॉर्नर’ हा आपल्याकडचा माल आहे. भारतीय उपखंडाबाहेर तो फारसा चालत नाही. तिकडे ‘सॉफ्ट स्पॉट’ म्हणतात. कोचीच्या मुलीला कळेल, ती आपल्यातलीच. तरी मी तो काढते, कारण वेगळं आहे. सॉफ्ट कॉर्नर मांजराबद्दल असतो, जुन्या शिक्षकांबद्दल असतो, हरणाऱ्या टीमबद्दल असतो. जिच्यामुळे झोप उडाली तिच्याबद्दल कोपरा कसला?

‘फ्रॉम मेनी डेज’. ‘खूप दिवसांपासून’मधलं ‘पासून’ इथं नडलं. मुदत सांगायची तर ‘फॉर’, आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’: ‘फॉर एट मंथ्स’, ‘सिन्स जून’. आणि क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात: ‘आय हॅव लाइक्ड यू फॉर अ लाँग टाइम.’ तुझा लाडका ‘फॉर’ इथं ‘साठी’ही नाही आणि भुलणंही नाही, त्यानं तिसरंच काम पत्करलंय.

‘प्रपोज’बद्दल नीट ऐक. आपल्याकडे कॉलेज रोडवर उभं राहून ‘तिला प्रपोज केलं’ म्हणतात, तेव्हा ‘मनातलं सांगितलं’ एवढाच अर्थ असतो. इंग्रजीत ‘प्रपोज’ म्हणजे लग्नाची मागणी. शिवाय ‘प्रपोज हर’ नव्हे, ‘प्रपोज टू हर’. तो ‘टू’ गाळला की वाक्य लंगडतं. आणि ‘आय वाँट टू प्रपोज’ असं आगाऊ कळवून कुणी मागणी घालत नाही. पहिल्याच उत्तरात तू निफाडला मांडव घालून मोकळा झालास! जाता जाता, लग्न झाल्यावरही ‘मॅरीड विथ’ नाही, ‘मॅरीड टू’. आपण कुणा‘शी’ लग्न करतो म्हणून ‘विथ’ तोंडात येतं.

राहिले दोन वाक्प्रचार, जे तू मोबाइलवरच्या कुठल्यातरी यादीतून उचलले असणार. ‘हेड ओव्हर हील्स’ जरा विचारात घे. डोकं टाचांच्या वर, म्हणजे आत्ता तू खुर्चीत बसलायस तसंच की. मग यात विशेष काय? तर मुळात तो प्रयोग उलटा होता: ‘हील्स ओव्हर हेड’, टाचा डोक्याच्या वर, म्हणजे कोलांटी. बोलता बोलता अठराव्या शतकात शब्दांचीच कोलांटी झाली आणि तीच रूढ झाली. अर्थ कायम राहिला, तर्क गेला. म्हणून वाक्प्रचार उकलून अर्थ लावत बसायचं नसतं. पूर्ण वाक्य ‘आय ॲम हेड ओव्हर हील्स इन लव्ह’ असं होतं. तुझ्या बाबतीत खरंही असेल, पण आत्ता नको. पाठ केलेला वाक्प्रचार लगेच ओळखू येतो.

‘ॲपल ऑफ माय आय’ तर मुळीच नको. एक म्हणजे ‘द’ राहिला: ‘द ॲपल ऑफ माय आय’. दुसरं, हे बहुधा लेकराला म्हणतात, नातवाला म्हणतात. पण यात एक सुंदर गोष्ट दडलीय ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सफरचंद म्हणजे डोळ्यातला मधला काळा गोल. जुन्या इंग्रजीत त्याला सफरचंद म्हणत, गोल आणि भरीव वाटायचा म्हणून. आता त्यालाच ‘प्यूपिल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधून आलाय, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी बाहुली. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलंच इवलंसं प्रतिबिंब दिसतं, म्हणून बाहुली. आणि आपण मराठीत काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! रोम कुठे, गोदाकाठ कुठे. दोन्हीकडच्या माणसांनी कुणाच्या तरी डोळ्यांत तितक्याच जवळून पाहिलं होतं, एवढं नक्की.

तर हा मजकूर तुला पाठवला होता: ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड युअर मेसेज दॅट नाइट. आय डू नाउ. आय लाइक यू टू. आय हॅव लाइक्ड यू फॉर अ लाँग टाइम. वुड यू लाइक टू गो आउट विथ मी ऑन सॅटर्डे?’ त्यातल्या ‘आय डू नाउ’मधला ‘डू’ म्हणजे ‘अंडरस्टँड’, पुन्हा लिहायला नको म्हणून ठेवलेला बदली कामगार. ‘गो आउट विथ’ म्हणजे नुसतं बाहेर जाणं नव्हे. ‘विथ मी’ लागलं की तिला कळेल. यालाच ‘आस्क समवन आउट’ म्हणतात, आणि रूममेटला सांगताना ‘आय आस्क्ड हर आउट’ असं म्हण. ‘आस्क्ड आउट हर’ नाही. सर्वनाम मध्येच बसतं. एक मात्र कटाक्षानं टाळ: ‘वी नीड टू टॉक’. शब्दशः ‘आपल्याला बोलायला हवं’ इतकं साधं, पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पोटात त्यानं गोळा येतो. तिकडे ती संबंध तुटायच्या आधीची घंटा आहे.

ती नाही म्हणाली, तर ‘नेव्हर माइंड’ तुझ्या वाट्याला आलं असं समज आणि कामाला लाग. एकाच डिपार्टमेंटला आहात, पुन्हा पुन्हा विचारून तिचं तिथं बसणं अवघड करू नकोस. हो म्हणाली, तर सोमेश्वरला ने किंवा संध्याकाळी गोदाघाटावर. मिसळ खायला नेणार असशील तर सकाळी ने आणि रस्सा वेगळ्या वाटीत माग.

कधीतरी ती विचारेल, हे मराठीत कसं म्हणतात. तेव्हा तुला एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी की इंग्रजीत ‘आय’ कर्ता असतो, मी आवडून घेतो. मराठीत ‘मला तू आवडतेस’, म्हणजे आवडण्याचं काम तू करतेस, मी नुसता ‘ला’ लावून बाजूला उभा. इंग्रजांना हे समजवायला घाम फुटतो. तिला लगेच कळेल, कारण मल्याळममध्येही असंच आहे: ‘एनिक्कु निन्ने इष्टमाणु’. त्यातला ‘एनिक्कु’ म्हणजे ‘मला’. तेवढा शब्द तू आधी पाठ करून ठेव. अडचण अशी की मल्याळम क्रियापद समोर पुरुष असो की स्त्री, बदलत नाही. आपलं बदलतं, आणि तेही समोरच्याप्रमाणे. तू तिला म्हणणार ‘आवडतेस’, तिनं तुला म्हणायला हवं ‘आवडतोस’. पण ती तुझ्याकडून ऐकेल तेच शिकेल, आणि पहिल्यांदा मोठ्या धिटाईनं तुला म्हणेल, ‘तू मला आवडतेस.’ हसू नकोस. दुरुस्तीही त्या दिवशी करू नकोस, दुसऱ्या दिवशी कर.